काळीला खत, पांढरीला मूठमाती

वऱ्हाडातील जुन्या गावाचे वर्णन करायला दोन शब्द पुरतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शिवार. कापूस, ज्वारी आणि तूर पिकविणारी कसदार जमीन. पांढरी म्हणजे गावठाण. माणसांच्या वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, शेणसडा, पडक्या भिंतींचा चिखल, फुटकी मडकी आणि जनावरांची हाडे एकाच ठिकाणी मिसळत गेली, की तेथील मातीचा मूळ रंग हरपतो. ती भुरकट, पांढुरकी होते. पांढरी ही निसर्गाने दिलेली माती नव्हे, ती माणसाने घडविलेली माती आहे. ज्या गावाची पांढरी उंच, ते गाव जुने. हा साधा हिशेब आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. पुढे पाटील-देशमुखांनी बहुधा याच उंचवट्यांवर आपल्या गढ्या बांधल्या आणि ‘गढी’ हा शब्द त्या टेकाडालाच चिकटला.

आज या गढ्यांची स्थिती काय आहे? वैशाख लागला की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या गढीच्या पोटाशी उभ्या राहतात. पांढऱ्या मातीत राखेचा आणि हाडांचा अंश असतो, म्हणून ती शेताला मानवते. धाब्याच्या घरांचे छत लिंपायला तिच्यासारखी दुसरी माती नाही. पूर्वी हे काम टोपले आणि फावडे घेऊन चाले, तेव्हा गढी वर्षाला हातभर खचे. आता यंत्राचा लोखंडी पंजा एका दुपारी जेवढे नेतो, तेवढे नेण्यास आपल्या आज्यापणज्यांना पिढी लागली असती. ट्रॉली भरताना खापरांचा खच पडतो, एखादा मणी चमकतो, एखादे हाड निखळते. कोणी थांबत नाही. काळीला खत मिळते आणि पांढरीला मूठमाती.

या मूठमातीबरोबर नेमके काय पुरले जात आहे, याचा विचार वऱ्हाडी समाजाने आता तरी करावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

तुळजापूरच्या गढीतील तूर

अमरावती जिल्ह्याच्या चांदूर बाजार तालुक्यात तुळजापूर गढी नावाचे स्थान आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने १९८४-८५ मध्ये तेथे उत्खनन केले. बोपर्डीकर हे त्याचे प्रमुख होते आणि त्यांचा वृत्तांत १९९६ मध्ये खात्याच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. गढीच्या तळाशी सापडली ती ताम्रपाषाणयुगीन वस्ती. ताम्रपाषाणयुग म्हणजे दगडाची पाती आणि तांब्याची हत्यारे शेजारी-शेजारी वापरली जात, तो काळ. लोखंड अद्याप यायचे होते. पश्चिम महाराष्ट्रात जोर्वे, नेवासे, दायमाबाद, इनामगाव ही नावे ज्या आद्य शेतकऱ्यांमुळे प्रसिद्ध झाली, त्यांचे भाऊबंद पूर्णेच्या खोऱ्यातही नांदत होते, हे या एका गढीने सिद्ध केले.

त्याहून मोलाची गोष्ट दिसायला अगदी क्षुल्लक आहे. उत्खननात निघालेली माती पाण्यात कालवली, की जड कण तळाशी बसतात आणि जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात. ते चाळणीत धरून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखावे लागतात. डेक्कन महाविद्यालयाचे वनस्पती-पुरातत्त्वज्ञ काजळे यांनी तुळजापूरच्या धान्याचा अभ्यास केला आणि १९८८ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्या दाण्यांत तूर होती. तुरीच्या उगमाचा प्रश्न जगभरच्या अभ्यासकांनी जेव्हा जेव्हा चर्चेला घेतला, तेव्हा ओडिशातील गोपालपूर आणि कर्नाटकातील संगनकल्लू यांच्या पंक्तीला आपल्या चांदूर बाजार तालुक्यातील या गढीचे नाव येऊन बसते.

जरा थांबून याचा अर्थ ध्यानी घ्यावा. अकोल्याच्या बाजारात आज तुरीचा भाव फुटतो, दालमिलांची धडधड ऐकू येते, घराघरांत वरणाला फोडणी बसते. ज्या पिकावर वऱ्हाडचा संसार उभा आहे, त्या पिकाचा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा जन्मदाखलाच जणू या मातीने जपून ठेवला होता. राजाच्या शिलालेखात तुरीचा उल्लेख कोण करणार? कवी कमळावर लिहितो, तुरीच्या शेंगेवर नाही. शेतकऱ्याचा इतिहास शेतकऱ्याच्या चुलीतच सापडतो आणि ती चूल पांढरीत असते. तुळजापूरची गढी उत्खननापूर्वीच ट्रॉल्यांतून शेतात पसरली गेली असती, तर ही तूर आपल्याला कधीच भेटली नसती.

इनामगावला डेक्कन महाविद्यालयाच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या विद्वानांनी १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम उत्खनन केले. म्हणून तेथील घरांची मांडणी, धान्याचे कोठार, पाण्याचा पाट, घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन कुंभांतील बालकांची दफने, हे सारे आपल्याला कळले. एका वस्तीचा असा सलग जीवनपट हाती आला, की इतिहास सनावळीतून बाहेर येऊन माणसांचा होतो. वऱ्हाडच्या नशिबी बारा हंगामांचे इनामगाव अद्याप आलेले नाही. ते येण्यासाठी गढ्या मात्र शिल्लक राहायला हव्यात.

सरोवराच्या तळाची रोजनिशी

गढी वस्तीची हकिगत सांगते. त्या काळी पाऊस कसा होता, हे सांगणारा दुसरा साक्षीदार वऱ्हाडातच आहे. तो म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर. लवणासुराचा वध करणाऱ्या दैत्यसूदनाचे हे क्षेत्र. आइन-इ-अकबरीतही लोणारची आणि तेथे मिळणाऱ्या काच-साबणाच्या द्रव्यांची नोंद आहे. उल्केच्या आघाताने काळ्या बसाल्टात पडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार, सुमारे पावणेसहा लाख वर्षांचे आहे. २०२० च्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा सारा देश लोणारकडे पाहू लागला. त्याच वर्षी ते रामसर पाणथळांच्या यादीत गेले. पण लोणारचे खरे वैभव पाण्याच्या रंगात नाही. ते तळाच्या गाळात आहे.

या सरोवराला बाहेर जाणारी वाट नाही. पाऊस चांगला झाला की पाणी चढते. पाऊस रुसला की ते केवळ आटते आणि खारटपणा वाढतो. फार आटले तर गेलुसाइटसारखी विशिष्ट खनिजे गाळात साचतात. वर्षामागून वर्ष गाळाचा थर बसतो आणि प्रत्येक थर आपल्या काळच्या पावसाची साक्ष पोटात ठेवतो. भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढला. सुमारे ११,००० वर्षांची ती रोजनिशीच होती. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या रोजनिशीत दोन प्रदीर्घ अवर्षणे नोंदलेली आहेत : एक आजपासून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचे, दुसरे सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचे.

आता दोन्ही साक्षी शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिले अवर्षण संपते ते इसवी सनापूर्वी दोन हजारच्या आसपास आणि महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची गावे त्याच सुमारास व त्यानंतर उमलताना दिसतात. पाऊस सुधारला म्हणून गावे वसली, असा थेट निष्कर्ष यावरून काढणे उतावळेपणाचे ठरेल. पण प्रश्न मात्र नक्कीच उभा राहतो. आणि दुसऱ्या अवर्षणाचे काय? त्या बारा-चौदा शतकांत तर वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीमला वाकाटकांची राजधानी नांदली, अचलपूरजवळच्या चम्मक गावाचे दान ताम्रपटावर कोरले गेले आणि खुद्द लोणारच्या काठी दैत्यसूदनाचे शिल्पसमृद्ध मंदिर उभे राहिले. पाऊस कमी, तरीही संस्कृती भरात! मग त्या लोकांनी पाणी राखले कसे? पिके बदलली का? आज विदर्भातील शेतकरी पावसाच्या लहरीपुढे हतबल झालेला असताना हे प्रश्न केवळ विद्वानांच्या कुतूहलाचे राहत नाहीत.

सरोवर पावसाचे सांगते. माणसाने त्या पावसाशी कसा संसार केला, ते गढी सांगते. एका साक्षीदाराला आपण आंतरराष्ट्रीय मान दिला आणि दुसऱ्याला ट्रॉलीत भरून पाठवून दिले. एकाच ग्रंथाची एक बाजू काचेच्या कपाटात आणि दुसरी रद्दीत, असा हा प्रकार आहे.

आटलेली पूर्णा, बुडणारे भोन

चांदूर बाजार तालुक्यातच फुबगाव येथे पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर येथील उत्खनन शाखेने २०१८-१९ च्या हिवाळ्यात एक स्थळ उकरले. ही वस्ती लोहयुगातली, इसवी सनापूर्वी सातव्या ते चौथ्या शतकांच्या दरम्यानची. पूर्णेच्या मोठ्या वळणात वसलेल्या या गावात गोल घरे होती. खांब रोवण्याचे खळगे, चोपलेली मातीची जमीन आणि चुली मिळाल्या. लोखंडाच्या वस्तू होत्या, मौल्यवान दगडांचे मणी होते. नागपूरकडील माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट येथील शिळावर्तुळांत ज्यांचे मृत विसावले, त्यांच्याच काळातील जिवंत माणसांचे हे घरदार. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली होती. विदर्भाच्या लोहयुगाविषयी आजवर आपण जे जाणतो, ते मोठ्या अंशी दफनभूमींतून. माणसे मेल्यावर कशी पुरली जात, ते ठाऊक. जगत कशी होती, ते कमी ठाऊक. म्हणून फुबगावचे महत्त्व.

पण फुबगावची शोकांतिकाही लक्षात घ्यावी. एके काळी बारमाही असलेली पूर्णा वरच्या अंगाला धरण झाल्यानंतर येथे कोरडी पडली आहे आणि त्यापूर्वी ती वाहत होती तेव्हा तिच्या पुरांनी या टेकाडाचा सुमारे तिसरा हिस्सा कापून नेला. जे उरले त्यातलेच थोडे उकरता आले.

पूर्णेच्याच काठी, बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात भोन आहे. डेक्कन महाविद्यालयाच्या देवतारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ नंतरच्या काही हंगामांत तेथे उत्खनन केले. प्राचीन विहिरी मिळाल्या आणि विटांनी बांधलेल्या एका स्तूपाचे अवशेष मिळाले. उत्खननकर्त्यांनी तो मौर्यकालीन, म्हणजे इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा मानला. खारपाण पट्ट्याच्या मधोमध, जेथे आजही भूगर्भातले पाणी तोंडात धरवत नाही, जेथील दहिहंड्याच्या खाऱ्या पाण्यापासून १९३० मध्ये वऱ्हाडातील सत्याग्रहींनी मीठ केले, त्या खोऱ्यात बावीसशे वर्षांपूर्वी एक संपन्न नगर उभे होते. हे भोन जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते.

धरण नको, असे म्हणण्याचा अधिकार खारपाण पट्ट्यात पिण्याच्या पाण्यासाठी वणवण न केलेल्या माणसाला नाही. प्रस्तुत लेखक तसे म्हणत नाही. परंतु धरण बांधावयाचे ठरल्यावरही बुडणाऱ्या वारशाचे काय करायचे, याचा वस्तुपाठ याच देशाने घालून दिला आहे. कृष्णेवरील नागार्जुनसागर धरणापायी नागार्जुनकोंडाचे सारे खोरे बुडणार, हे ठरले तेव्हा १९५४ ते १९६० अशी सलग सहा वर्षे तेथे उत्खनन झाले. महत्त्वाची स्मारके वीट-वीट मोजून उंचावर हलविली गेली आणि टेकडीच्या माथ्यावर संग्रहालय उभे राहिले. तेथे बौद्ध विहार होते आणि कार्तिकेयाची, शिवाची मंदिरेही होती. वाचविताना कोणी भेद केला नाही. देश तेव्हा आजच्यापेक्षा गरीब होता. मग आज भोनसाठी तेवढी धडपड का दिसू नये?

येथे एक कटू प्रश्न आपण स्वतःलाच विचारला पाहिजे. भोनला स्तूपाऐवजी एखादे शिवालय निघाले असते, तर आपल्यापैकी किती जण अधिक तळमळीने बोलले असते? स्तूप असेल तर तो ‘त्यांचा’ आणि मंदिर असेल तर ते ‘आमचे’, ही वाटणी कोणी केली? ज्या मातीच्या विटा, ज्या पूर्णेचे पाणी, ज्या वऱ्हाडी हातांचे श्रम, तो स्तूप सर्व वऱ्हाडाचा आहे. वारसा जपताना चूल वेगळी मांडणारा समाज शेवटी वारशालाही मुकतो आणि एकमेकांनाही.

श्रद्धा आणि कुदळ

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. स्वाभिमानी इतिहासाची भाषा करणाऱ्या आपल्या मंडळींत एक घाई दिसते. दहा हजार, वीस हजार असे आकडे सभांतून सहज उच्चारले जातात, टाळ्याही पडतात. परंतु आकडा मोठा केल्याने वारसा मोठा होत नाही. तुळजापूरचा जळका तुरीचा दाणा शेकडो भाषणांहून अधिक बोलतो, कारण त्याला पुरावा आहे. परक्यांनी आपला इतिहास हिणवला, ही तक्रार खरी असेल. पण तिला उत्तर अतिशयोक्तीने देता येत नाही, संशोधनाने देता येते. आपली बाजू सत्याची आहे असा ज्याचा विश्वास असतो, तो कुदळीला भीत नाही.

वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर पाहा. परंपरेने ते रुक्मिणीमातेचे माहेर. तेथून दरवर्षी पालखी पंढरपूरला जाते आणि लेकीच्या माहेरची साडीचोळी घेऊन जाणाऱ्या भोळ्या वऱ्हाडी माणसाला तारखेचा पुरावा लागत नाही. त्याच कौंडिण्यपूरला मोरेश्वर दीक्षितांनी साठच्या दशकात उत्खनन केले आणि १९६८ मध्ये त्याचा सविस्तर वृत्तांत शासनाने प्रसिद्ध केला. वस्तीचे एकावर एक थर मिळाले. व्यापार, नाणी, मणी, मडकी यांची कथा उलगडली. उत्खननाने श्रद्धेला धक्का बसला का? मुळीच नाही. श्रद्धा मनाचा प्रश्न सोडविते, कुदळ मातीचा. दोघींनी आपापले काम करावे आणि दुसरीच्या कामात लुडबुड करू नये. मात्र जेथे श्रद्धेचे स्थान म्हणून मोठे बांधकाम करायचे असेल, तेथे पाया खणण्यापूर्वी पुरातत्त्वज्ञाला बोलावण्याचा शहाणपणा आपण दाखविला पाहिजे. देवळाच्या सिमेंटी जीर्णोद्धारात देवळाचाच इतिहास गाडला गेल्याची उदाहरणे प्रत्येक वाचकाच्या पाहण्यात असतील.

एक शाळामास्तर पुरे

यावर एक आक्षेप येणार, हे ठाऊक आहे. शेतकऱ्याने आपल्या गावची माती नेऊ नये काय? घर गळते, शेत रोडावते. त्याला तुम्ही तीन हजार वर्षांपूर्वीची खापरे दाखविणार? आक्षेप रास्त आहे आणि त्याला उपदेशाने उत्तर देता येणार नाही. गढीला हातच लावू नका, असे म्हणणे अव्यवहार्य आहे. वऱ्हाडात गढ्या पुष्कळ आहेत. सगळ्याच सारख्या मोलाच्या नाहीत. प्रश्न आहे तो आधी पाहण्याचा आणि मग खणण्याचा. आज आपण न पाहता खणतो.

पाहणारी माणसे कोठून आणायची? युरोपातील एक प्रसंग येथे आठवतो. १८५३-५४ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या सरोवराचे पाणी फार उतरले. ओबरमाइलेन गावचे लोक उघडी पडलेली जमीन भराव घालून कमावू लागले, तेव्हा चिखलात लाकडी खुंटांच्या रांगा, दगडी हत्यारे, हाडे लागली. गावातील शाळामास्तराच्या लक्षात आले, की हे काही साधे नाही. त्याने झुरिकच्या अभ्यासकांना कळविले. फर्डिनांड केलर नावाचा विद्वान धावून आला आणि सरोवरकाठच्या प्रागैतिहासिक वस्त्यांचे एक अवघे दालन जगापुढे उघडले. आज आल्प्स पर्वताच्या परिसरातील सहा देशांतल्या अशा १११ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा आहे. तो २०११ मध्ये मिळाला. प्रारंभ कोठे झाला? एका शाळामास्तराच्या जागरूक नजरेत. भराव घालणाऱ्यांनाही जमीन हवीच होती. फरक इतकाच, की कोणीतरी फावडे क्षणभर थांबविले.

आपल्याकडेही अशी माणसे झाली आहेत. चम्मकचा ताम्रपट १८६८ च्या सुमारास शेत नांगरताना निघाला. तो वितळवला गेला नाही म्हणून प्रवरसेन दुसरा, भोजकट राज्य आणि मधुनदीकाठचे चर्मांक ही नावे आज आपल्याला ठाऊक आहेत. दायमाबादची ब्राँझची हत्ती, गेंडा, रेडा आणि रथाची शिल्पे १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना मिळाली. साठ किलोंहून अधिक वजनाचा तो ठेवा भंगारात गेला असता, तर आज देशाच्या संग्रहात नसता. अमरावतीच्या काही निसर्गप्रेमी मित्रांनी २००७ पासून सुट्टीच्या दिवशी सातपुडा पालथा घालून, मोर्शीच्या पलीकडे बैतूलच्या हद्दीतील चित्रित शैलाश्रय उजेडात आणले. त्यांना कोणी वेतन दिले नव्हते. यादव माधव काळे यांनी १९२४ मध्ये ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला, तोही कोणत्या विद्यापीठाच्या आज्ञेने नव्हे. वऱ्हाडची ज्ञानपरंपरा अशा स्वयंसेवी माणसांनीच चालविली आहे.

तेव्हा करावयाच्या गोष्टी अशक्य कोटीतल्या नाहीत. पहिली, प्रत्येक गावाने आपल्या गढीची आणि रिठाची नोंद करावी. जैवविविधतेची लोकनोंदवही ठेवण्याची तरतूद २००२ च्या कायद्याने झालीच आहे; तशीच एक वही गावच्या पांढरीसाठी ग्रामसभेने स्वतःहून ठेवावी. उंची किती, खापरे कशी, माती कोठून उचलली जाते, एवढे शाळेतल्या मुलांनाही लिहिता येते. दुसरी, गौण खनिजाचा परवाना देताना तहसील कार्यालयाने ‘ही माती गढीची अथवा पांढरीची आहे काय?’ एवढा एक रकाना वाढवावा. उत्तर ‘होय’ असेल तेथे पाहणी झाल्याशिवाय यंत्र लागू नये. हाताने टोपलेभर माती नेणाऱ्या गरिबाला यातून वगळावे. गढीचा शत्रू तो नाही. तिसरी, फुबगाव आणि तुळजापूर येथे काय सापडले, ते सांगणारा मराठी फलक त्या गावांत कायमचा लागावा आणि एक सुबोध पुस्तिका तालुक्याच्या प्रत्येक शाळेत पोहोचावी. स्वतःच्या गावात देशातील जुनी तूर सापडली हे चांदूर बाजारच्या मुलाला ठाऊक नसावे आणि इजिप्तचे पिरॅमिड मात्र तोंडपाठ असावेत, हे शिक्षण अपुरे आहे. चौथी, भोनविषयीचा निर्णय, मग तो स्थलांतराचा असो वा संरक्षक बांधाचा, पाण्याने घेण्याआधी माणसांनी घ्यावा.

आणि पाचवी गोष्ट शासनाकडे मागायची नाही, ती आपल्या कार्यकर्त्यांकडे मागायची आहे. गावोगावी आपल्या शाखा आहेत, वाचनालये आहेत, गणेशोत्सव मंडळे आहेत. उन्हाळी शिबिरात एक दिवस गढीसाठी द्यावा. जाणकाराला सोबत न्यावे, मुलांना खापर ओळखायला शिकवावे, उचललेले जागच्या जागी ठेवायला शिकवावे. खणायचे मात्र नाही. खणणे हे शास्त्र आहे आणि हौशी कुदळ यंत्राच्या पंज्याइतकीच घातक ठरते. केवळ पाहावे, नोंदवावे, राखावे. भूमिपूजन आपण पुष्कळ करतो. भूमीचे वाचन करण्याचीही सवय लावून घ्यावी.

ताम्रपट वितळला तर एका राजाचे नाव जाते. गढी संपली तर हजारो वर्षे ज्यांनी ही काळी कसली, ज्यांची नावे कोणत्याही ताम्रपटावर कोरली गेली नाहीत, त्या सामान्य माणसांचा एकमेव दस्तऐवज जातो. त्याची दुसरी प्रत कोठेही नाही. लोणारच्या तळाचा गाळ पावसाची आठवण अजून ठेवून आहे, कारण तेथे कोणाची ट्रॉली पोहोचत नाही. गढीला तसे विवराचे कडे नाही. तिचे कडे व्हायचे तर ते आपल्यालाच व्हावे लागेल.

यंदाच्या वैशाखात आपल्या गावच्या गढीशी ट्रॉली उभी राहील, तेव्हा कोणीतरी एकाने पुढे होऊन एवढेच म्हणावे : "जरा थांबा, आधी पाहू तरी काय आहे ते." पांढरीचे ऋण फेडण्याची सुरुवात या एका वाक्याने होऊ शकते.